कर्ज नाखव्याचे, प्रश्न साऱ्या श्रमिकांचा

(अर्नाळा येथे मच्छीमार बांधव, मासळी विक्रेत्या भगिनी आणि पक्षाचे कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संकलित भाग.)



आज जो विषय आपण माझ्याकडे सोपविलात, तो व्यासपीठावरून बोलण्याचा नव्हे असे पुष्कळांना वाटते. संप, मोर्चा, निवडणूक हे चारचौघांत बोलण्याचे विषय. कर्ज मात्र दार लावून, आवाज खाली घेऊन बोलायचे, अशी आपल्या समाजाची रीत आहे. मजुरी कमी मिळाली तर कामगार मालकाला दोष देतो. कर्ज फिटले नाही तर कर्जदार स्वतःलाच दोष देतो. बाजारात जाताना तो दुसरी वाट धरतो, सोयरिकीच्या बैठकीला जात नाही, सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेत बसतो. ज्या शोषणाची लाज शोषिताला वाटते, त्याच्याविरुद्ध संघटना उभी करणे सर्वांत कठीण असते. म्हणूनच हा विषय उघड्यावर आणणे हे राजकीय काम आहे, असे मी मानतो.

ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ती माणसे प्रथम ओळखून घेऊ. वैतरणेच्या मुखाशी वसलेले हे अर्नाळा आणि समोर बेटावरच्या किल्ल्यातली वस्ती, इथला मुख्य व्यवसाय मासेमारी. नाखव्याची स्वतःची बोट असते; डोल असते किंवा जाळी असतात; हाताखाली तांडेल आणि खलाशी असतात. त्याची घरधनीण मासळी निवडते, वलांडीवर बोंबील सुकवते, पाटी घेऊन विरारला किंवा थेट मुंबईच्या बाजारात जाते. शेजारी वाडीवर केळी, पानवेली, भाजीपाला, फुले पिकवणारा बागायतदार आहे. विरार स्टेशनपर्यंत रिक्षा चालविणारा तरुण आहे, समुद्रकिनारी खानावळ चालविणारे कुटुंब आहे. या सर्वांना सरकारी भाषेत ‘स्वयंरोजगारी’ म्हणतात. शब्द मोठा स्वाभिमानी आहे. वरती मालक नाही, हजेरीचा भोंगा नाही. परंतु आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला हातात पडणारी ठराविक रक्कमही नाही. कामगार चळवळीच्या शब्दकोशात मालक आणि मजूर असे दोन शब्द होते. स्वतःच्या बोटीवर स्वतः राबणारा हा माणूस त्यांपैकी कोणत्याच खणात नीट बसत नाही. त्यामुळे त्याचा प्रश्न कोणाच्याच मागणीपत्रकात नीट आला नाही.

कर्ज कसे वाढते

कर्ज म्हणजे उधळपट्टीचे फळ, असे प्रवचन आपण नेहमी ऐकतो. लग्नात खर्च केला, दारू प्याला, म्हणून बुडाला. अशी उदाहरणे नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु गावेच्या गावे कर्जात असतात तेव्हा त्याचे कारण व्यक्तीच्या स्वभावात शोधणे हा आळस आहे. मासेमारीच्या धंद्याची रचनाच पाहा. १ जून ते ३१ जुलै अशी दोन महिने बंदी. या काळात एक रुपयाची मिळकत नाही आणि नेमका याच काळात सर्वांत मोठा खर्च. बोट ओढून वर घ्यायची, डागडुजी करायची, यंत्र उघडून दुरुस्त करायचे, जाळी विणायची, दोर नवे घ्यायचे, खलाशांना उचल द्यायची आणि त्याच महिन्यांत मुलांच्या शाळेची फी. म्हणजे हाती काही नसताना पैसा उभा करायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जे देईल त्यातून तो फेडायचा. हे कर्ज म्हणजे धंद्याचे खेळते भांडवल आहे. त्याला व्यसन म्हणणारे एखाद्या गिरणीमालकाच्या बँक-उधारीला व्यसन म्हणत नाहीत.

आता समुद्र काय देतो तेही पाहू. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी सुमारे २ लाख टन, म्हणजे ४५ वर्षांतील नीचांक होती. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे एकामागून एक आली आणि हंगामाचे ऐन दिवस बोटी किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागल्या. २०२० साली टाळेबंदी, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये राज्याने निर्बंध घातले, प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली; कागदावर घातलेली बंदी समुद्रात किती पाळली जाते हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. डिझेल, बर्फ, दोर यांचे भाव वर जातात, मासळी खाली जाते आणि मधले अंतर कर्ज भरून काढते. अशा लागोपाठ तीन हंगामांनंतर जुन्या कर्जाचे व्याज भरण्यासाठी नवे कर्ज काढावे लागते. इथे खेळते भांडवल संपते आणि फास सुरू होतो.

या फासाचे गणित आपण करीत नाही, कारण ते आपल्यासमोर गणिताच्या रूपात येतच नाही. दोन उदाहरणे हिशेबासाठी घेऊ. समजा, मासळी विकणाऱ्या एका भगिनीने रोजच्या वसुलीवर १०,००० रुपये घेतले. हातात आले ९,०००. हजार आधीच कापले. रोज १०० रुपयांप्रमाणे १०० दिवसांत १०,००० फेडायचे. ती म्हणते, ‘दहाला एक, फार नाही.’ परंतु तिने पहिल्याच दिवसापासून फेड सुरू केली आहे. शंभर दिवसांत सरासरी साडेचार-पावणेपाच हजारच तिच्यापाशी राहिले आणि त्यावर तिने हजार रुपये व्याज दिले. वर्षाचा दर काढला तर तो शेकडा ८० च्या आसपास जातो.

दुसरे उदाहरण व्यापाऱ्याने दिलेल्या आगाऊ रकमेचे. समजा, एका नाखव्याने ३ लाख आगाऊ घेतले. व्याज नाही, कागद नाही, फक्त एक अट: मासळी त्याच्याच काट्यावर घालायची. बाजारभावापेक्षा शंभरामागे दहा रुपये कमी मिळतात. वर्षाची विक्री १५ लाखांची असेल तर नाखव्याने दीड लाख गमावले, म्हणजे ३ लाखांवर शेकडा ५० व्याज दिले, आणि मुद्दल जसेच्या तसे उभे! ज्या कर्जाला व्याज नाही असे आपण म्हणतो, ते सर्वांत महाग कर्ज आहे. शिवाय त्याने मासळीबरोबर आपले स्वातंत्र्यही तोलून दिले. उद्या सोसायटीने लिलाव सुरू केला तरी हा माणूस तेथे मासळी आणू शकत नाही. सहकार मोडायला दंडुका लागत नाही. आगाऊ रक्कम पुरते.

दोरीचे दुसरे टोक

एक कटू गोष्ट याच सभेत बोलली पाहिजे. नाखवा कर्जदार आहे, तसा तो खलाशाचा धनीही आहे. तो व्यापाऱ्याकडून उचलतो आणि खलाशाला उचल देतो. डोंगरपट्टीतल्या पाड्यांवरून किंवा परप्रांतातून आलेला खलाशी पावसाळ्यात उचल घेतो आणि हंगामभर ती फेडीत राहतो. नाखव्याचा हंगाम बुडाला की वाटा कमी होतो, हिशेब लांबतो. नाखव्याचे कर्ज आणि खलाशाची उचल ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात या दोरीचे नाव ‘लग्नगडी’ होते: लग्नासाठी काढलेल्या चार पैशांपायी वारली जोडपे जमीनदाराच्या दारात जन्मभर राबत असे. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध उठाव केला. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ मध्ये आला आणि तरीही १९८० च्या दशकात याच वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना वेठबिगारांच्या मुक्तीसाठी श्रमजीवी संघटना उभारावी लागली. म्हणून आज आपण नाखव्याच्या कर्जमुक्तीची मागणी करताना खलाशाच्या उचलीचा लेखी हिशेब मागितला नाही, तर ती मागणी अर्धी राहील आणि समाजवादी तर मुळीच राहणार नाही.

कायद्याची भिंत कोणासाठी?

आता कायद्याकडे वळू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कर्जवसुलीच्या जप्तीतून काही गोष्टी वगळल्या आहेत. पगारदाराच्या पगारापैकी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सामान्यतः जप्त होत नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बी-बियाणे, जरूर तेवढी गुरे यांनाही संरक्षण आहे. हे संरक्षण उपकार म्हणून दिलेले नाही; कमावण्याचे साधनच काढून घेतले तर कर्ज फिटणार कशातून, हा त्यामागचा साधा व्यवहार आहे. परंतु या यादीत बोट आणि जाळे यांचे नाव नाही. रोज पाटीभर मासळी विकून मिळणाऱ्या मिळकतीला पगारासारखी भिंत नाही. घराची पेटी आणि धंद्याची पेटी एकच असते, त्यामुळे धंदा बुडाला की चूलही बुडते.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता झाली. तिच्याखाली मोठ्या कंपन्यांची प्रकरणे न्यायाधिकरणापुढे जातात, बँका कर्जाचा मोठा हिस्सा सोडून देतात, नवा मालक येतो आणि जुन्या देण्याचे पान मिटते. याच संहितेत लहान माणसासाठीही एक प्रकरण आहे. वर्षाचे उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि मालकीचे घर नसेल, तर त्याला नवी सुरुवात करू द्यावी असे त्यात लिहिले आहे. या मर्यादा पाहिल्या तर त्यांत बसणारा माणूस जगतो कसा हाच प्रश्न पडतो. आणि एवढी तोकडी तरतूदसुद्धा सामान्य व्यक्तींसाठी अद्याप अंमलात आणलेली नाही. कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता व्यक्तींविषयीचा भाग २०१९ च्या डिसेंबरात लागू झाला, बाकीच्यांसाठी इंग्रजांच्या काळातला १९२० चा नादारीचा कायदा शिल्लक आहे. अब्जावधीचे कर्ज बुडविणाऱ्या कंपनीला बाहेर पडण्याचा दरवाजा आहे, चार लाखांत अडकलेल्या नाखव्याला नाही. विषमता फक्त उत्पन्नात असते असे समजू नका. अपयशी ठरण्याच्या अधिकारातही ती असते.

इतिहास काय शिकवतो

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांचा मुख्य रोख खतपत्रांवर होता. ती हिसकावून जाळली गेली. त्यांना नेमके कळले होते की आपली बेडी कागदाची आहे. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ चा कायदा आला. त्याने न्यायालयाला खतपत्राच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. मूळ रक्कम किती, भरले किती, फुगवले किती, हे विचारण्याचा हक्क कर्जदाराला प्रथमच मिळाला. परंतु सावकाराला पर्याय काय, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने सुरू झाला.

शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये, महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा आला. छोटे शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगार यांची खाजगी सावकारी कर्जे त्याने रद्द केली. सावकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७७ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने कायदा टिकला. तो काळ आणीबाणीचा होता. मधू लिमये, मधू दंडवते, मृणाल गोरे यांनी त्याच आणीबाणीत तुरुंगवास भोगला. एका हाताने सरकार गरिबाचे कर्ज रद्द करीत होते आणि दुसऱ्या हाताने गरिबाची संघटना बांधणाऱ्यांना गजाआड टाकीत होते. यातून घ्यायचा धडा असा की, वरून मिळालेली मुक्ती खाली संघटना नसेल तर टिकत नाही. जुने कर्ज कायद्याने मिटते. पुढच्या जूनमध्ये जाळ्यासाठी पैसा कोण देणार, या प्रश्नाला वटहुकूम उत्तर देत नाही. सहकारी पतपुरवठा उभा नसेल तर माणूस पुन्हा त्याच ओटीवर जाऊन बसतो, या वेळी अधिक चढ्या व्याजाने.

२००८, २०१७ आणि २०१९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कर्जमाफीच्या योजना झाल्या. मासळीचे पीक समुद्रात असल्यामुळे त्याला सातबारा नाही, म्हणून मच्छीमार बहुतांशी त्या योजनांच्या दाराबाहेरच राहिला. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपण या निर्णयाचे स्वागत करू, परंतु त्याचे माप काय ते आपणच ठरवू. जप्तीपासून शेतकऱ्याच्या औताला जे संरक्षण आहे ते बोटीला मिळते काय? वादळात बुडालेल्या हंगामाला पिकासारखी भरपाई मिळते काय? या दोन प्रश्नांना होय असे उत्तर येईल तेव्हा दर्जा मिळाला असे म्हणू.

आज घरात काय करायचे

सिद्धांत पुरे. ज्याच्या दारात आज वसुलीवाला उभा आहे त्याला आपण काय सांगणार? काही गोष्टी स्पष्ट सांगता येतात.

पहिली गोष्ट, सारे देणे एका कागदावर लिहा आणि ते घरातल्या कर्त्या स्त्रीसमोर लिहा. अनेक घरांत नवऱ्याचे कर्ज बायकोला ठाऊक नसते आणि बायकोच्या गटाचे कर्ज नवऱ्याला ठाऊक नसते. कोणाचे, मूळ किती, भरले किती, व्याज काय, तारण काय, जामीन कोण, हे सहा रकाने भरले की निम्मी भीती आकड्यांत उतरते. आकड्याशी लढता येते. सावलीशी येत नाही.

दुसरी गोष्ट, फेडीचा क्रम जो मोठ्याने ओरडतो त्याच्या आवाजाने ठरवू नका. आधी घरचे अन्न, औषध, मुलांची शाळा. मग बोट समुद्रात जाण्यासाठी लागणारे डिझेल आणि बर्फ. मग ज्या कर्जावर घर किंवा बोट तारण आहे ते. मग सर्वांत चढ्या व्याजाचे. नातेवाइकाचे हातउसने बुडवायचे नाही, पण त्याच्याकडे जाऊन मुदत मागता येते.

तिसरी गोष्ट, कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढायचेच तर ते महागातून स्वस्तात जाण्यासाठी. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुले झाले आहे. त्यावरील अल्पमुदत कर्जाला सवलतीचा दर शेकडा ७ आणि वेळेवर फेडल्यास शेकडा ४ पडतो. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण मागायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने ठरविले आहे. बँकेचा शाखाधिकारी टाळाटाळ करील. एकट्याला टाळणे सोपे असते, म्हणून पन्नास जणांनी एकाच दिवशी अर्ज द्यावेत आणि पोच घ्यावी.

चौथी गोष्ट, कोऱ्या धनादेशावर आणि कोऱ्या मुद्रांकावर सही करू नका. धनादेश न वटल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे आणि सावकाराच्या हातातले ते हत्यार आहे. जुन्या, मुदत उलटत आलेल्या देण्यावर ‘नुसती सही दे’ म्हणून कोणी कागद पुढे केला तर समजा की त्या देण्याला नवे आयुष्य मिळते आहे. जामीन राहताना लक्षात ठेवा की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

पाचवी गोष्ट, आपले हक्क पाठ करा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे; त्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवानाधारक सावकारानेही पावती आणि हिशेब दिला पाहिजे. त्याच वर्षी ठरविलेल्या कमाल मर्यादेप्रमाणे शेतकऱ्याकडून तारणावर शेकडा ९ आणि विनातारण १२, इतरांकडून १५ आणि १८, याहून अधिक वार्षिक व्याज त्याला घेता येत नाही. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा दामदुपटीचा जुना नियम याही कायद्यात आहे. बेकायदा सावकाराने १५ वर्षांच्या आत घर-जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळविण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. बँक किंवा वित्तसंस्थेच्या वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करून छळू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. लहान गटकर्जांचे सर्व हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, हाही त्याच वर्षीचा नियम. आणि प्रामाणिक असूनही जो फेडू शकत नाही, त्याला केवळ त्या कारणासाठी दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगून ठेवले आहे.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्ज हा गुन्हा नाही आणि त्याची शिक्षा मृत्यू नाही. एखादा नाखवा बोलेनासा झाला, झोपेनासा झाला, ‘माझ्यामागे सगळे सुटेल’ अशी भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्या रात्री त्याच्या ओटीवर जाऊन बसा. १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस सेवा २०२२ पासून आहे. तेथे फोन लावून द्या. मेलेल्या माणसाचे कर्जही अनेकदा सुटत नाही. ते मागे राहिलेल्यांच्या गळ्यात पडते. जिवंत माणसाच्या कर्जावर मात्र तडजोड होते, मुदत मिळते, लोकअदालतीत समेट होतो.

संघटनेचे काम

हे सारे एकेका घराने करावयाचे. परंतु घराघराने शहाणे होऊन हा प्रश्न सुटणार असता तर तो केव्हाच सुटला असता. व्यापारी आगाऊ रक्कम देतो ती तातडीने, रात्री बारा वाजता, कागदाशिवाय देतो. हीच त्याची खरी ताकद आहे. बँकेचा दर शेकडा ४ असला तरी तिचा पैसा सप्टेंबरात येणार असेल, तर जूनमध्ये शेकडा ५० चा पैसाच जिंकणार. म्हणून सहकारी सोसायट्यांनी मे महिन्यातच पावसाळी कर्जाचे वाटप करावे आणि त्यासाठी डिझेलचा थकलेला परतावा सरकारने बंदी सुरू होण्यापूर्वी चुकता करावा, ही आपली पहिली मागणी. लोकांचाच पैसा सरकारने महिनोन् महिने अडकवून ठेवायचा आणि लोकांनी त्याच महिन्यांत सावकाराकडून व्याजाने आणायचे, याला मी सरकारी सावकारी म्हणतो.

दुसरी मागणी, बोट, यंत्र आणि जाळी यांना कारागिराच्या हत्यारांप्रमाणे जप्तीतून मुक्त करा. तिसरी, लहान कर्जदारांच्या नव्या सुरुवातीची तरतूद अंमलात आणा आणि तिच्या मर्यादा आजच्या भावांना धरून वाढवा. चौथी, बंदीच्या काळासाठी केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० आणि सरकारचे ३,००० मिळून ४,५०० रुपये तीन महिन्यांत देण्याची सोय आहे. महिन्याला दीड हजारात कोणते कुटुंब जगते ते मंत्र्यांनी दाखवावे आणि ती रक्कम किमान वेतनाशी जोडावी. पाचवी, खलाशाच्या उचलीचा आणि वाट्याचा हिशेब सोसायटीच्या नोंदवहीत लिहिला जावा.

मागण्यांबरोबर विधायक कामही हवे. डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याच्या हाती फावडे, मतपेटी आणि तुरुंग अशी तीन साधने दिली होती. इथले फावडे म्हणजे बंदरावरचा आपला स्वतःचा काटा आणि उघडा लिलाव. ज्या दिवशी दहा नाखवे सोसायटीमार्फत एका व्यापाऱ्याचे आगाऊ देणे एकरकमी फेडून आपली मासळी मोकळी करतील, त्या दिवशी भाव कोण ठरवितो हे बदलू लागेल. मासळी विक्रेत्या भगिनींचा बचतगट रोजच्या वसुलीचे कर्ज शेकडा १२ वर आणू शकतो. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र सोसायटीच्या संचालक मंडळावर आगाऊ रक्कम देणारा व्यापारीच बसलेला असेल, तर तो काटा त्याचाच राहील. म्हणून मतपेटी केवळ विधानसभेसाठी नाही, सोसायटीच्या निवडणुकीसाठीही आहे, आणि तेथे कर्जदार सभासद मत कोणाच्या धाकाने देतो याकडे कार्यकर्त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. राहिला तुरुंग. नाखव्याची बोट लिलावात निघाली तर बोली लावायला गावातून कोणी जाऊ नये आणि ती ओढून नेण्याच्या वाटेत शांतपणे बसायला शंभर माणसे यावीत, एवढा निर्धार पुरेसा आहे.

काही जण विचारतील, घेतलेले कर्ज फेडायचे नाही असे तुम्ही शिकविता काय? तसे मी म्हणत नाही. मूळ घेतले ते फेडले पाहिजे आणि कायद्याने ठरलेले व्याज दिले पाहिजे. कोळ्याच्या शब्दाला आजवर बाजारात जी किंमत आहे ती आपण घालवायची नाही. परंतु दुपटीने वसूल झालेले देणे पुन्हा देणे नव्हे. लुटीला देणे म्हणण्याची सवय आपण मोडली पाहिजे. कोणते देणे आणि कोणती लूट, हे ठरविण्यासाठी हिशेब लागतो, आणि हिशेब मागण्यासाठी संघटना लागते.

तेव्हा या सभेतून उठताना मी आपल्याकडे एकच काम मागतो. येत्या पंधरवड्यात प्रत्येक कार्यकर्त्याने पाच घरे वाटून घ्यावीत. त्या घरांच्या ओटीवर बसून कर्जाचा कागद लिहून काढावा, त्यातले गुप्त ते गुप्त ठेवावे आणि जेथे बेकायदा सावकारी दिसेल तेथे कर्जदाराच्या संमतीने सहायक निबंधकाकडे अर्ज करावा. अर्ज देताना पाचही घरांतली माणसे बरोबर न्यावीत. निबंधकाच्या टेबलापुढे एक माणूस उभा राहिला की त्याला उद्या या म्हणतात. पाच उभे राहिले की खुर्ची मागवतात आणि पन्नास उभे राहिले की फाईल शोधू लागतात.